लाफ्लर घराण्याचा माग : क्युबेकमधल्या कामाच्या नोंदी

१३ जानेवारी

कामाची हद्द आधीच आखून घेते, नाहीतर हे मारुतीच्या शेपटासारखं वाढत जाईल. सासऱ्यांचं आडनाव लाफ्लर. त्यांच्यापासून मागे मागे जायचं ते फ्रान्सहून इकडे पहिल्यांदा आलेल्या पुरुषापर्यंत. प्रत्येक पिढीची लग्नाची नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणखी मागे सरकायचं नाही. लेकीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता, तिचं चार पिढ्यांवर भागलं. मला मात्र चैन पडेना. आम्ही राहतो ब्रोसारला, माँट्रियलसमोरच्या दक्षिण काठावर. ज्यांच्या घरात इथली सून किंवा जावई आलाय त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतेय. फ्रेंच जुजबी असलं तरी चालतं. नोंदींची भाषा ठरीव असते, चार-पाच पानं वाचली की पाठ होते.

लाफ्लर म्हटलं की इथे पहिला प्रश्न ठरलेला: हॉकीवाल्या गी लाफ्लरच्या नात्यातले का? सासरे दर वेळी 'लांबचे' म्हणून वेळ मारून नेतात. पुरावा शून्य.

घरात काय आहे ते आधी गोळा केलं. सगळ्यात कामाची निघाली ती आजेसासूबाईंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात खोचलेली कार्डं. इकडे माणूस गेला की नातेवाइकांत वाटायला छोटं कार्ड छापायची रीत होती. काळी कड, वर फोटो, खाली गेल्याची तारीख आणि वय अगदी वर्षं-महिन्यांसकट. मागे एक प्रार्थना आणि ती म्हटल्यास पापाच्या शिक्षेत किती दिवसांची सूट मिळेल त्याचा आकडा. वय महिन्यांसकट असल्यामुळे जन्माचा महिना उलट मोजून काढता येतो. बायकांच्या कार्डावर मोठ्या अक्षरात 'मादाम' आणि नवऱ्याचं पूर्ण नाव, आणि तळाशी बारीक टाइपात 'ने' म्हणजे माहेरची अमुक. त्या बारीक ओळीचेच फोटो आधी काढून ठेवा.

२० जानेवारी

आठवडा पाण्यात गेला. नाव टाकायचं, गाव टाकायचं, शोध दाबायचा, हे आपलं नेहमीचं तंत्र इथे कुचकामी आहे. 'लाफ्लर' टाकलं की शेकड्यांनी लाफ्लर येतात आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो.

कारण असं: सैन्यात भरती झालेल्या शिपायाला टोपणनाव मिळायचं. ला फ्लर म्हणजे फूल, ला व्हियोलेत, ला रोझ, सां-सूसी म्हणजे बिनघोर, जोली-कर, त्रांश-माँताञ म्हणजे डोंगर कापणारा. एकेका नावाचे शिपाई अनेक तुकड्यांत. यातले बरेच इथेच स्थायिक झाले आणि टोपणनाव खऱ्या आडनावाला 'दी' लावून चिकटलं, आपल्या कागदांवर 'उर्फ' यायचं तसं. पुढे कुणी मूळ आडनाव ठेवलं, कुणी टोपणनाव, कुणी दोन्ही. म्हणजे लाफ्लर हे घराण्याचं नाव नाहीच. ते अनेक घराण्यांनी वेगवेगळ्या वेळी घेतलेलं पांघरूण आहे.

सगळी 'दी' नावं शिपायांची नसतात. लांजव्हँ म्हणजे आंजूचा, पिकार म्हणजे पिकार्दीचा, सेंताँज म्हणजे सेंताँजचा. आपल्या 'कर' मंडळींसारखी. काही जमिनीवरून, काही बापाच्या पहिल्या नावावरून.

२७ जानेवारी

पद्धत बदलली, आणि लगेच फरक पडला. आडनाव शोधायचंच नाही. जोडी शोधायची.

क्युबेकच्या कॅथलिक नोंदवहीत बाई जन्मापासून मरेपर्यंत माहेरच्याच नावाने येते. तिच्या लग्नात, तिच्या प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्यात, तिच्या दफनात, सगळीकडे तेच आडनाव. नवऱ्याचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं असो, बायकोचं बहुधा स्थिर राहतं. (बोलण्यात आणि वर्तमानपत्रात ती नवऱ्याच्या नावाने 'मादाम' असायची, कार्डावरही तसंच, पण धर्मगुरूच्या वहीत नाही. १९८१ पासून तर इथल्या कायद्यातच आहे की नवरा-बायको दोघांनीही आपापलं जन्माचंच नाव वापरायचं.) आमच्या माहेरच्या कुलवृत्तांतात एकेका सुनेचं लग्नात बदललेलं पहिलं नाव आहे, माहेरचं आडनाव कंसात असलं तर नशीब. तिथे बायकांवरून माग काढायचा म्हणजे धुक्यात चालणं. इथे उलटं आहे.

दुसरं, पहिल्या लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरच्या नावानेच. म्हणजे एका लग्नाच्या नोंदीतून मागच्या दोन जोड्या मिळतात. पुढचा शोध त्या जोडीचा. शिडी अशी लग्नावरून लग्नावर चढायची असते; बाप्तिस्मे आणि दफनं फक्त खात्रीसाठी.

एक खोच: विधुर किंवा विधवेचं लग्न असेल तर आईवडील बहुतेक वेळा गायब, त्याऐवजी 'अमुकचा विधुर' एवढंच. मग त्याचं आधीचं लग्न शोधावं लागतं. माझ्या साखळीत हे एकदा आलं आणि एक अख्खी संध्याकाळ खाऊन गेलं.

वाचताना हे शब्द डोळ्यात ठेवा. 'फ्यो' नावाआधी आला तर तो माणूस लग्नाच्या वेळी हयात नव्हता. दफनाची नोंद त्या तारखेच्या आधी शोधायची. 'माझर' म्हणजे सज्ञान, 'मिनर' म्हणजे अज्ञान. फ्रेंच रिवाजाप्रमाणे सज्ञान वय २५ होतं, ब्रिटिश आल्यानंतर अठराव्या शतकाच्या अखेरीला ते २१ वर आलं. म्हणून 'मिनर' दिसलं तरी मुलगा कोवळा असेलच असं नाही. समासात गुरूने लिहिलेलं एम म्हणजे लग्न, बी बाप्तिस्मा, एस दफन.

३ फेब्रुवारी

पहिला खर्च आणि तो वाया. अलीकडच्या पिढीसाठी एका कार्यालयाकडून विवाहाचा दाखला मागवला, पैसे आगाऊ भरून. आला तो छोट्या नमुन्यात: नवरा, बायको, तारीख, संपलं. आईवडिलांचा पत्ता नाही. अर्जावर दोन नमुन्यांचे चौकोन असतात; पूर्ण प्रत असं लिहिलेला चौकोन निवडा, थोडा महाग पडतो.

अलीकडचे कागद एरवीही जिकिरीचे. क्युबेकमध्ये १९९४ पर्यंत चर्चची वही हीच सरकारी जन्म-विवाह-मृत्यूची वही होती, त्यानंतर सरकारी खात्याने ते काम घेतलं. शेवटच्या शंभर वर्षांतलं बरंचसं सहज उघडं नाही. तेवढ्यापुरतं घरच्या कार्डांवर आणि कबरींच्या दगडांवर भागवावं लागतं.

१० फेब्रुवारी

अडकले. सासऱ्यांच्या आजोबांचं लग्न क्युबेकमध्ये सापडतच नाही. सासरे म्हणाले, "अगं, ते 'स्टेट्स'ला होते ना!" हे आधी सांगितलं असतं तर.

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेत गेले, मुख्यतः न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. लोवेल, मँचेस्टर, फॉल रिव्हर, लुइस्टन, आणि आमच्या लोकांचं वून्सॉकेट, ऱ्होड आयलंड. गिरणगाव म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. कोकणातली माणसं परळ-लालबागला एका चाळीत उतरायची, तशी इथे एकेका गावची माणसं एकेका गल्लीत.

अमेरिकन जनगणनेत अख्खं कुटुंब 'फ्लॉवर' म्हणून सापडलं. लाफ्लरचा इंग्रजीत सरळ अनुवाद. याच रीतीने ब्वाव्हेरचे ग्रीनवुड झाले, र्‍वाचे किंग. आणि जनगणनेत बाई नवऱ्याच्या आडनावाखाली, म्हणजे जोडी जुळवायचा धागाच तुटला. तिथे डोकेफोड करत बसू नका. गिरणीच्या गावांत फ्रेंच लोकांचे स्वतंत्र पॅरिश, म्हणजे चर्चचे विभाग, होते, वून्सॉकेटमध्ये प्रेस्यो-सां. तिथल्या वहीत गुरू क्युबेकच्याच पद्धतीने, फ्रेंचमध्ये, माहेरच्या नावासकट लिहीत होता. लग्न मिळालं, वराचे आईवडील मिळाले. रजिस्टरमध्ये लाफ्लर, जनगणनेत फ्लॉवर, वर्ष जवळजवळ एकच. मंदीच्या काळात कुटुंब परत इकडे आलं तेव्हा फ्लॉवर तिकडेच राहिलं.

२४ फेब्रुवारी

बारीकसारीक सापळे, वेळ वाचावा म्हणून.

महिना '७ब्र' लिहिलेला असतो. तो जुलै नाही. सप्टेंबर. ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा आकडा लावला की डिसेंबर. एका सूचीत एक बाप्तिस्मा जुलैत घातला होता आणि त्यामुळे मूल आईवडिलांच्या लग्नाच्या सहा महिन्यांत जन्मलेलं दिसत होतं. मूळ पान उघडल्यावर पोरीचा मान राहिला.

मुलांची नावं. बहुतेक प्रत्येक मुलाचं पहिलं नाव जोझेफ, प्रत्येक मुलीचं मारी, मग धर्मपिता किंवा धर्ममातेचं, आणि शेवटी हाक मारायचं नाव. सूचीत पाच 'जोझेफ' भाऊ दिसले तर घाबरू नका, शेवटचं नाव बघा. शिवाय मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. आमच्यात एकाच जोडीला एकाच नावाची दोन मुलं आहेत; पहिल्याचं दफन पाहिल्याशिवाय दुसऱ्याचं वय जुळत नाही.

लग्नं आठवड्याच्या सुरुवातीला, सोमवारी नाहीतर मंगळवारी, आणि जानेवारी-फेब्रुवारी किंवा नोव्हेंबरमध्ये. उपासाच्या काळात नाहीत. शेतीची कामं आणि चर्चचं पंचांग दोन्ही सांभाळून. अंदाजे वर्ष माहीत असेल तर सबंध वही न चाळता आधी तेवढेच महिने चाळा, निम्मं काम होतं.

९ मार्च

मोठी भिंत. १८६० च्या सुमाराच्या लग्नात वराचे वडील लाफ्लर, आई ब्रोसो. त्या दोघांचं लग्न १८३० च्या आसपास व्हायला हवं. आमच्या दक्षिण काठावरच्या ला प्रेरीत नाही, सें-फिलिपमध्ये नाही, सें-काँस्तांमध्ये नाही. लाफ्लर-ब्रोसो अशी जोडीच नाही.

मग लाफ्लर सोडून दिलं. फक्त बाई घेतली: ब्रोसो, तिचं पहिलं नाव, नवऱ्याचं फक्त पहिलं नाव. यासाठी इथे एक साधन आहे ज्याला तोड नाही. द्रुअँ संस्थेने गेल्या शतकात सबंध प्रांतातल्या वह्यांचं चित्रीकरण केलं आणि १७६० ते १९३५ च्या लग्नांची सूची दोनदा केली, एकदा नवऱ्याच्या आडनावाने, एकदा बायकोच्या. 'ला मास्क्युलिन' आणि 'ला फेमिनिन'. नवऱ्याचं नाव अडलं की बायकांचे खंड उघडायचे.

सापडली. नवरा पँसोनो.

मूळ पान काढलं. गुरूचं अक्षर तिरकं, शाई तपकिरी, 'पँसोनो' ओळीच्या शेवटी आणि 'दी लाफ्लर' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. सूची करणाऱ्याने पहिली ओळ वाचून पुढचा कागद घेतला असणार. समासातही जागा कमी म्हणून फक्त पँसोनोच. आडनावाने शोधत राहिले असते तर जन्मभर मिळालं नसतं.

खात्रीसाठी या जोडीच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे ओळीने काढले. मोठा पँसोनो. दुसरी पँसोनो दी लाफ्लर. तिसरा लाफ्लर. मग परत पँसोनो, कारण पॅरिशमध्ये नवीन गुरू आला. आई मात्र सगळीकडे ब्रोसो. मोठ्या भावाचे वंशज आज पँसोनो आहेत, आमचे लाफ्लर, आणि दोघांची पोरं कदाचित एकाच वर्गात बसत असतील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नावं जिथल्या तिथे थिजली. ज्या भावाला जे नाव त्या घडीला लागलं होतं तेच पुढे चाललं.

२३ मार्च

ला प्रेरीत आल्यापासून वेगळीच अडचण. नोंदी भरपूर आहेत, वही १६७० पासूनची, पण सगळे एकमेकांचे नातेवाईक. एका पिढीत एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, दोघे शेतकरी, वयात दोन वर्षांचा फरक. आमचा कोणता?

बायकोवरून एकाचं लग्न लगेच सुटलं. पण त्या भावाचे आईवडील पक्के करायला नोंदीतली एक ओळ कामी आली: 'चौथ्या पिढीतल्या रक्तनात्याची सूट'. जवळच्या नात्यात लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागायची आणि ती वहीत लिहावी लागायची. भाऊ-बहीण पहिली पायरी, चुलत-मावसभावंडं दुसरी, अशा पिढ्या मोजतात. चौथी म्हणजे दोघांचे खापरपणजोबा एकच. गोत्र-प्रवर इथे नाही, नुसता हिशेब. मी दोन्ही चुलतभावांच्या बाजूने चार-चार पिढ्या कागदावर उतरवल्या. एकाकडून वधूशी समान पूर्वज चौथ्या पिढीत मिळाले, दुसऱ्याकडून मिळालेच नाहीत. निकाल लागला.

ही ओळ दिसली की सोडू नका. गुरूंनी तेव्हाच आपला गृहपाठ करून ठेवलेला असतो.

१३ एप्रिल

एका मोठ्या संकेतस्थळावर आमच्या घराण्याचा तयार वृक्ष मिळाला, फ्रान्सपर्यंत आणि त्याच्याही मागे कुठल्याशा सरदारापर्यंत. पन्नासेक जणांनी तो जसाच्या तसा उचललाय. अठराव्या शतकात त्यात बापाचं लग्न मुलाला आणि मुलाचं बापाला लावलंय, आणि एका पिढीला आई नऊ वर्षांची. पुढे बघितलं नाही.

छापील पुस्तकंही डोळे मिटून घेऊ नका. ताँगे या धर्मगुरूने १८७१ ते १८९० मध्ये सात खंडांत फ्रेंच कॅनडातल्या घराण्यांचा कोश काढला. एकट्या माणसाने, संगणकाशिवाय. साष्टांग नमस्कार. पण चुका आहेत, आणि ऑनलाइन वृक्षांतल्या अनेक चुका तिथूनच आल्यात.

मी पडताळणीला माँट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा जुन्या नोंदींचा ऑनलाइन संग्रह वापरला. तिथे १८४९ पर्यंतच्या नोंदी कुटुंबवार जोडलेल्या आहेत, आणि 'दी' नावं मूळ आडनावाशी आधीच बांधलेली. पैसे पाहिलेल्या पानांवर जातात, म्हणून आधी फुकटच्या ठिकाणी, म्हणजे फॅमिलीसर्चवर आणि क्युबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या साइटवर मूळ पानं चाळून घ्यावीत आणि अडेल तिथेच हे उघडावं. मी सुरुवातीला उगाच क्लिक करत सुटले आणि अर्धी शिल्लक मजा बघण्यात संपवली.

२७ एप्रिल

पोचलो. फ्रांस्वा पँसोनो दी लाफ्लर, कारिन्याँ-सालिएर पलटणीतला, सें-तूर कप्तानाच्या तुकडीचा शिपाई. ही पलटण १६६५ च्या उन्हाळ्यात सुमारे बाराशे शिपाई घेऊन इरोक्वा या इथल्या मूळ रहिवाशांशी लढायला आली. काम झाल्यावर चारशेच्या आसपास इथेच राहिले. फुलाचं नाव तिथूनच आलेलं असणार. बायको आन लपे, 'राजाच्या लेकीं'पैकी, म्हणजे १६६३ ते १६७३ मध्ये राजाच्या खर्चाने वसाहतीत लग्नासाठी पाठवलेल्या आठशेच्या आसपास मुलींतली एक. लग्न १६७३ च्या सुमारास. पुढे कुटुंब ला प्रेरीकडे सरकलं, आमच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर. साडेतीनशे वर्षांत लाफ्लर मंडळी नदीकाठच्या एवढ्याच पट्ट्यात फिरत होती, मध्ये वून्सॉकेटची फेरी सोडली तर.

या जोडीच्या लग्नाची मूळ नोंद मात्र माझ्या हाती लागलेली नाही. माझ्याच नियमाप्रमाणे ही पायरी अर्धवट आहे, तशी खूण तक्त्यात केलीय. मुलांच्या लग्नांच्या नोंदीत दोघांची नावं एकत्र येतात, त्यावर भिस्त ठेवलीय. आता नोटरींचे विवाहकरार बघायचे. इथे लग्नाआधी नोटरीकडे करार करायची पद्धत होती, आणि चर्चची वही हरवली तरी करार कधीकधी टिकलेला असतो.

गी लाफ्लरचं नातं तपासलं नाही. सासऱ्यांनीच नको म्हटलं. 'लांबचे' हे उत्तर त्यांना सोयीचं आहे.

११ मे

हिशेब: वाया गेलेला दाखला, मग त्याची पूर्ण प्रत, एका महिन्याची वर्गणी आणि पीआरडीएचची पानं धरून शंभर डॉलरच्या आत भागलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो आडनावाच्या मागे धावण्यात आणि वून्सॉकेटच्या जनगणनेत.

तक्ता सासऱ्यांना दाखवला. त्यांनी आडनावांचा रकाना वाचला, लाफ्लर, पँसोनो, मग परत लाफ्लर, आणि विचारलं, "म्हणजे आम्ही पँसोनो?" सासूबाई शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, माझ्याकडचं कधी करणार?

त्यांचं सुरू केलंय. आईची आई, तिची आई असं सरळ मागे. इथे दर पिढीला आडनाव बदलणारच, त्यामुळे आडनावाचा मोह होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि प्रत्येक लग्नाच्या नोंदीत वधूची आई माहेरच्या नावाने उभी असते. दोन संध्याकाळींत १८३० च्या मागे गेलेय. एका ठिकाणी 'आईवडील अज्ञात' असं लिहिलेली मुलगी लागली, माँट्रियलला ननांच्या मठाच्या दारात ठेवलेली. त्या फांदीवर तूर्त लाल रेघ. तिच्या मुलीच्या लग्नाचे साक्षीदार कोण आहेत ते बघून पुढचं ठरवेन.